दिवाणजींची वही आधी उघडा

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मुद्द्यापुरतं देतो. धंदा नवा असेल त्यांच्यासाठी आधी चार शब्द: सायझिंग म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावून ते बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळून देणारा कारखाना; खर्चीवाले म्हणजे आपल्या मागांवर दुसऱ्याचं कापड मजुरीनं विणून देणारे; आणि ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड.

"सासऱ्यांनी उभा केलेला कापडाचा व्यवसाय आता मी आणि माझे धाकटे दीर बघतो. सूत घेतो, सायझिंगला देतो, बीम खर्चीवाल्यांच्या मागांवर लावतो आणि ग्रे कापड विकतो. बावीस खर्चीवाले आहेत, उलाढाल सात कोटींच्या आसपास. बिलं आणि जीएसटी सीए साहेबांच्या ऑफिसातून होतं. बाकीचा सगळा हिशेब दिवाणजींच्या वह्यांत. ते ३४ वर्षं आमच्याकडे आहेत, पण दिवाळीनंतर थांबतो म्हणालेत. दिरांनी पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला गाठलाय. सगळं तुमच्या पद्धतीनं बनवून देतो म्हणतो. साडेसहा लाख, आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे पंधरा टक्के. २५ हजार टोकन देऊनही झालं. सीए साहेब म्हणतात, टॅली हे तयार सॉफ्टवेअर घ्या, जगाचं त्यावर चालतं, तुमचं का चालणार नाही? घरात रोज यावरून शब्दाला शब्द लागतो. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचीही भीती वाटते. काय करू?"

ताई, नमस्कार.

साडेसहा लाखांच्या करारावर आत्ता सही करू नका. तयार सॉफ्टवेअर घ्या, पण ते घेतलं की सगळं मार्गी लागलं असंही समजू नका. आणि या दोन्हींच्या आधी, अगदी या आठवड्यापासून, दिवाणजींच्या शेजारी बसा. तुमच्या पत्रात सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे. सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी घेतलं तरी चालेल, दिवाणजी सहा महिन्यांनी भेटतीलच असं नाही.

असं का म्हणतो ते एका बीमवरून सांगतो. समजा तुमच्या एका क्वालिटीच्या कापडाला ३० नंबरचं सूत आणि ३,००० तार, म्हणजे उभे धागे, आहेत, आणि हजार मीटरचं बीम भरायचंय. ३० नंबरच्या सुताचा एक किलोमीटर साधारण १९.७ ग्रॅम भरतो. तीन हजार तार गुणिले एक किलोमीटर, म्हणजे ५९ किलो सूत नुसत्या ताण्याला, उभ्या धाग्यांना. तुम्ही सायझिंगला सूत पाठवता ते बाचक्यांच्या, म्हणजे सुताच्या पोत्यांच्या, हिशेबानं, किलोत. परत येतं ते बीम, मीटरमध्ये. त्याचं वजन केलंत तर ५९ किलोपेक्षा जास्त भरतं, कारण त्याला खळ लागलेली असते. वर थोडे उरलेले सुताचे कोन परत येतात, थोडं वेस्टेज जातं. पुढं ते बीम मागावर चढतं, बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत वेगळं जातं, आणि तागे येतात. हजार मीटर ताण्यातून हजार मीटर कापड कधीच निघत नाही, ताणा आखडतो. खर्चीवाल्यानं ९४० मीटर कापड आणून टाकलं, तर ते बरोबर आहे की वीस मीटर कमी आहे?

याचं उत्तर टॅलीत नाही. पुण्याच्या त्या मुलाच्या लॅपटॉपमध्येही नाही. ते दिवाणजींच्या डोक्यात आहे. या क्वालिटीला सहा टक्के आखडतं, त्या क्वालिटीला साडेचार. अमक्याच्या मागांवर थोडं जास्त जातं कारण त्याचे माग जुने आहेत, पण माणूस सरळ आहे. तमक्या सायझिंगचे कोन नेहमी दोन-तीन किलो कमी येतात, तिथं आधी फोन करायचा. वहीत फक्त शेवटचा आकडा दिसतो, त्यामागचा विचार दिसत नाही. म्हणून वही मागून घेऊन भागणार नाही, ती लिहिणाऱ्या माणसाशी बोलावं लागेल.

एक शंभरपानी वही घ्या आणि महिनाभर रोज अर्धा तास दिवाणजींकडं बसा. त्या दिवशी जे बीम आलं, जे तागे आले, तेवढ्यावरच विचारा. "काका, हे कसं धरलंत?" एवढाच प्रश्न. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. चौतीस वर्षं ज्यांनी घरचा हिशेब सांभाळला, त्यांना संगणक येतोय म्हटल्यावर आपलं काम संपलं असं वाटत असणार. त्यांना थेट सांगा की तुमच्या पद्धतीनंच पुढं चालवायचंय म्हणून लिहून घेतेय. शक्य असेल तर दिवाळीनंतरही सहा महिने आठवड्यातून दोन दिवस येण्याची विनंती करा, मानधन देऊन. हा तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा खर्च ठरेल.

आता सीए साहेबांच्या बाजूला येतो, कारण त्यांचं म्हणणं तुमच्या दिरांना वाटतं त्यापेक्षा बरंच खरं आहे.

तुमच्या व्यवसायाचा एक भाग तुमच्या हातात नाही, तो सरकारच्या हातात आहे आणि तो सारखा बदलतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मग माल वाहतुकीला ई-वे बिल आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, लागू झालं, म्हणजे तुम्हालाही. २२ सप्टेंबर २०२५ ला कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही, हाही नियम आता आहे. तुमच्या सायझिंगवाल्यांची आणि खर्चीवाल्यांची उद्यम, म्हणजे सरकारकडची लहान उद्योगाची, नोंदणी असेल तर तो थेट तुम्हाला लागतो. असा प्रत्येक बदल झाला की तयार सॉफ्टवेअरची कंपनी एक अपडेट काढते आणि लाखो ग्राहकांना तो मिळतो. तुमच्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदल एकट्या तुमच्यासाठी, एकच माणूस करणार. तो त्या दिवशी मोकळा असला तर.

हे मी ऐकीव सांगत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं घरचं मशीन शॉप होतं. २००३ साली आम्ही एका ओळखीच्या प्रोग्रामरकडून फॉक्सप्रो या तेव्हाच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत बिलिंग आणि येणी-देणी बनवून घेतली. सुंदर काम केलं होतं त्यानं. वडिलांना हवा तसा, एका पानावर सगळ्या पार्ट्यांचा बाकीचा तक्ता निघायचा. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, तेव्हा तो दोन गल्ल्या सोडून राहायचा. दोन रात्री बसला आणि बदलून दिलं. आम्हाला वाटलं, आता आयुष्याची काळजी मिटली. जीएसटी आला तेव्हा तो परदेशात होता. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोचा आधार २०१५ मध्येच काढून घेतला होता. मूळ कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यात बदल करता येतात तो त्याचा लिहिलेला मजकूर, आमच्याकडं नव्हता, कारण मागावा हे आम्हाला सुचलंच नव्हतं. त्यानं फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण नोकरी सांभाळून तो तरी किती करणार? त्याचा दोष नव्हता. जवळजवळ तीन महिने आम्ही बिलं हातानं लिहिली. आई एकेका पार्टीची बाकी वाचून दाखवायची आणि मी ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचो. एक बरं झालं, फॉक्सप्रोच्या फाइली एक्सेलमध्ये उघडतात, म्हणून जुने आकडे तरी हाती लागले.

तेच सॉफ्टवेअर, तोच माणूस. २००५ मध्ये निभावलं आणि २०१७ मध्ये नाही, याला कारण एकच: मधल्या काळात तो दोन गल्ल्यांवरून हजारो मैलांवर गेला. बनवून घेताना आपण काय घेतोय याकडं बघतो, उद्या दुरुस्त कोण करणार हे बघत नाही. तेव्हापासून मी हाच व्यवसाय करतोय, लहान कारखान्यांचे हिशेब संगणकावर बसवून देण्याचा, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

म्हणून ताई, बिलं, खातेवही, जीएसटी, ई-इन्व्हॉइस, येणी-देणी एवढं तयार सॉफ्टवेअरमध्येच ठेवा. टॅली असेल, दुसरं एखादं असेल, त्यावर फार वेळ घालवू नका. तुमच्या गावात ज्याचा जाणकार माणूस अर्ध्या तासात गाडीवरून येऊ शकतो ते घ्या. एका संगणकापुरता टॅलीचा परवाना वीस-पंचवीस हजारांच्या घरात येतो, दोघा-तिघांनी एकाच वेळी वापरायचं असेल तर जास्त.

पण तुमच्या मालाचं काय? तो तर गोदामात राहतच नाही. सूत सायझिंगला असतं, बीम खर्चीवाल्याकडं असतं. बहुतेक वेळा बीम सायझिंगहून थेट मागावर जातं, तुमच्या दारात येतही नाही. यातही कायदा आहे. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून मजुरीवर काम करून घ्यायला, पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे. नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. आणि पाच कोटींच्या वरच्यांना आयटीसी-०४ हा फॉर्म दर सहा महिन्यांनी भरावा लागतो, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिलपर्यंत. कुठल्या चलनानं किती सूत गेलं, एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडं काय गेलं, परत काय आलं, हे सगळं त्यात येतं. सीए साहेबांच्या ऑफिसात हा फॉर्म आज कशावरून भरतात, हे एकदा विचारून घ्या. दिवाणजींच्या वहीवरून भरत असतील तर दिवाळीनंतर कशावरून भरणार, हेही विचारा.

टॅलीत याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि बरेचजण करतच नाहीत. जॉब ऑर्डर प्रोसेसिंग चालू केलं की 'मटेरियल आउट' आणि 'मटेरियल इन' अशी दोन व्हाउचर मिळतात. प्रत्येक सायझिंगचं आणि प्रत्येक खर्चीवाल्याचं एकेक गोदाम करायचं. बाचकी सायझिंगच्या गोदामात, तिथून बीम खर्चीवाल्याच्या गोदामात, तिथून तागे तुमच्याकडं. बावीस खर्चीवाल्यांकडं आज कुणाचं किती सूत अडकलंय हे एका तक्त्यात दिसतं. सुरुवातीला किचकट वाटेल. सायझिंगचं एकच बीम घेऊन आधी ते पूर्ण फिरवून बघा, बाचक्यापासून ताग्यापर्यंत. ज्याच्याकडून सॉफ्टवेअर घ्याल त्याला हेच करून दाखवायला सांगा, त्याच्या डेमोतलं साबणाचं नि बिस्किटाचं दुकान बघू नका. कापडधंद्यासाठीच केलेली तयार पॅकेजंही सुरत-भिवंडीकडं विकली जातात. ती बघायची असतील तर त्यांनाही हीच परीक्षा: तुमचं बीम, तुमचे तार, तुमचं आखडणं.

यानंतर जे उरतं ते खरं तुमचं. पिकाची, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर मोजायची, मजुरी. ५२ पिकाचं, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेलं कापड, पिकाला १२ पैसे, म्हणजे मीटरला ६ रुपये २४ पैसे. इथपर्यंत कुणीही करेल. पण कापडात डाग असला तर किती कापायचं, ज्याला आगाऊ उचल दिलीय त्याची किती वळती करायची, बीम अर्धं असताना क्वालिटी बदलली तर दर कुठून लावायचा, कुठल्या क्वालिटीला किती आखडणं मान्य करायचं, हे तुमच्याच घरात ठरतं. सगळ्यांना एकच घालून दिलेल्या सॉफ्टवेअरला हे माहीत असायचं कारण नाही. इथं तुमच्या दिरांचं बरोबर आहे. त्यांना जाणवलंय की धंद्याचा नफा या बारकाव्यांत आहे, आणि तो बारकावा हरवता कामा नये. त्यांना तसं सांगा, घरातला ताण निम्मा होईल.

फक्त हा भाग लहान आहे. त्यासाठी साडेसहा लाखांचं सगळं घर नव्यानं बांधायला नको, एक खोली पुरेल. आणि ती खोली लगेच बांधायचीही गरज नाही. दिवाणजींकडून लिहून घेतलेले नियम आधी एक्सेलमध्ये घाला. एक हंगाम त्यावर मजुरी काढा. पहिले दोन महिने दिवाणजींची वही आणि एक्सेल दोन्ही चालू ठेवा, पगाराच्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. जिथं फरक येईल तिथं एक न लिहिलेला नियम सापडेल, तो वहीत टिपा. खर्चीवाल्याला छापील चिठ्ठी मराठीतून द्या, त्यात तागे, मीटर, कपात, उचल सगळं वेगवेगळं दिसू द्या. आजवर त्याचा विश्वास दिवाणजींच्या अक्षरावर होता. नव्या आकड्यावर तो बसायला वेळ लागेल, आणि तो बसला नाही तर चांगला खर्चीवाला दुसऱ्याचं बीम लावायला लागेल.

एक हंगाम गेल्यावर एक्सेल अपुरं पडतंय असं वाटलं, तर तेवढाच भाग बनवून घ्या: बीम, तागे, मजुरी. त्यातून महिन्याचा एक आकडा टॅलीत जाईल, बाकी काही नाही. तेव्हा पुण्यातल्या त्याच मुलाला विचारा. त्याच्यावर माझा रोष नाही. मोकळ्या कोडचा ईआरपीनेक्स्ट नावाचा हिशेबाचा प्रोग्राम हाही एक मार्ग आहे. तो मुंबईत बनलेला आहे, त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो, त्यामुळं एक माणूस सोडून गेला तर दुसरा ते हातात घेऊ शकतो. पण तो बसवायला आणि चालवायला जाणकार लागतो, फुकट मिळतो म्हणून फुकट पडत नाही.

आता कराराचं. हे मी थोडं लांबण लावून सांगणार आहे, कारण इथं चांगली चांगली माणसं फसतात, आणि बऱ्याचदा समोरच्याच्या मनात काही वाईट नसतानाही.

पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं झालं असं सगळ्यांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, आणि त्याचा पहिला मालक तो लिहिणारा असतो. तुमचा पगारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर मालकी तुमच्याकडं यायला लेखी हस्तांतर लागतं, त्यावर त्याची सही लागते. आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणजे सहाव्या वर्षी तुमच्या मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम पुन्हा त्याचा. म्हणून "कायमस्वरूपी हस्तांतर" हे शब्द करारात हवेत. तो हस्तांतराला तयार नसेल, कारण काही जण एकच कोड अनेक ग्राहकांसाठी वापरतात, तर निदान कोडची प्रत आपल्याकडं ठेवायचा आणि दुसऱ्याकडून तो बदलून घ्यायचा हक्क लिहून घ्या.

प्रत्येक हप्त्याबरोबर तोपर्यंतचा कोड पेनड्राइव्हवर घ्या, शेवटी एकदम देतो म्हणाला तर थांबा. इंटरनेटवर चालणारं असेल तर ते ज्या खात्यावर चालतं ते खातं आणि पासवर्ड तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवा. तुमची सगळी माहिती तुम्हाला हवी तेव्हा एक्सेलमध्ये काढता आली पाहिजे, आणि ते बटण पहिल्या महिन्यातच दाबून बघा. शेवटचा एक हप्ता आयटीसी-०४ चा एक अर्धवार्षिक फॉर्म त्या आकड्यांवरून नीट भरला जाईपर्यंत राखून ठेवा. देखभालीचे पंधरा टक्के म्हणजे वर्षाला ९७,५००. पहिलं वर्ष सोडून पुढची चार धरली तरी पाच वर्षांत मूळ रकमेसकट १०,४०,००० होतात. एवढ्या पैशांत काय काय येणार, कायदा बदलला तर तो बदल त्यातच की त्याचे वेगळे, फोन केल्यावर किती तासांत माणूस, हे आकड्यांत लिहिलेलं हवं.

जुन्या वह्यांना हात लावू नका. जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. आणि तुमच्या सासऱ्यांच्या वेळच्या वह्या त्याहूनही पुढं ठेवा, कधी कुठल्या सायझिंगवाल्याशी काय ठरलं होतं ते त्यातच सापडेल.

राहिलं ते दिलेलं टोकन. २५ हजार परत मागून वाद घालू नका, दिरांनाही ते लागेल. त्या मुलाला निरोप द्या की या पैशांत सॉफ्टवेअर नको, तुमच्या कामाचा लेखी आराखडा करून द्या: बीम कसं फिरतं, मजुरी कशी निघते, कुठं काय अडतं, मराठीत, वीस-पंचवीस पानं. त्यासाठी त्याला दोन दिवस इचलकरंजीला बोलवा आणि दिवाणजींसमोर बसवा, दिरांनाही सोबत बसू द्या. ते कागद तुमचे, उद्या कुणाकडूनही काम करून घ्यायला उपयोगी पडतील. तो यायला तयार झाला आणि दोन दिवस ऐकून घेऊन नीट प्रश्न विचारले, तर पुढच्या वर्षी मजुरीच्या भागासाठी त्याचंच नाव आधी घ्या.